विंडोजचा डिफेंडर पुरे की अँटीव्हायरस विकत घ्यावा?

मार्चअखेरीला दुकानांची हिशेबाची घाई सुरू झाली की मला ठरलेला फोन येतो. "अँटीव्हायरस संपलाय म्हणतंय, नवीन घालू का चालतंय तसंच?" सांगलीत दुकानांचे कॉम्प्युटर बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी याचं एका शब्दात उत्तर देत नाही. आधी विचारतो, त्या मशीनला कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात?

कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान घ्या. प्रोजेक्टच्या दिवसांत तासाला दहा-बारा पेनड्राइव्ह लागतात. एखादा उघडला की सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसतो, आणि साइज बघावी तर एक-दोन केबी. तो फोल्डर नसतोच, शॉर्टकट असतो. खरा फोल्डर व्हायरसनं लपवलेला असतो आणि बाणावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. त्यामुळे उघडणाऱ्या पोराला शंकाही येत नाही. अशा ठिकाणी विकतचा घ्या. पेनड्राइव्ह लावताक्षणी तपासणं, नको तिथं यूएसबी बंदच ठेवणं, या गोष्टी त्यात सरळ मराठी माणसाला सापडतील अशा जागी असतात, आणि अडलं तर विक्रेत्याला फोन करता येतो. क्विक हील तर पुण्याचंच. काटकर बंधूंपैकी थोरल्यानं कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकट्यानं अँटीव्हायरस लिहिला, हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत नसतं.

आडत दुकानाचं गणित वेगळं. मशीनवर हिशेबाचं टॅली, जीएसटी, हळदीच्या पट्ट्या म्हणजे विक्रीची बिलं, आणि मेल. बाहेरचा पेनड्राइव्ह क्वचित. इथं विंडोजबरोबर येणारा डिफेंडर मला पुरेसा वाटतो. पूर्वी तो लेचापेचा होता, आता नाही. शिवाय दर दोन दिवसांनी 'रिन्यू करा' म्हणून डोकं खात नाही. जुन्या चार जीबी रॅमच्या मशीनवर विकतचा घातला की टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, हेही अनुभवानं सांगतो.

पण डिफेंडरच्या भरवशावर राहायचं तर विंडोज अस्सल हवं आणि अपडेट चालू हवेत. इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. स्वस्तात विंडोज टाकून देणारा अपडेट बंद करून जातो. १२ मे २०१७ ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला ते मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच बुजवलं होतं. अडकले ते अपडेट न केलेले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा मुदतीची नोंदणी केली नसेल तर तिथं नवी भोकं उघडीच राहणार, वर डिफेंडर असो की विकतचा.

दोन्ही एकदम चालवायचे नाहीत. विकतचा आला की डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपलेला अँटीव्हायरस लाल फुली मिरवत ठेवण्यापेक्षा काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा आणि डिफेंडर चालू झाला का ते बघा.

आता खरी गोम. माझ्या एका गिऱ्हाईकाकडं विकतचा होता, मुदतीतला. तरी एका सोमवारी टॅली उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागं भलतंच शेपूट, आणि डेस्कटॉपवर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. चौकशी केली तर मुलानं एक क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडून फुकट केलेलं, सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यातली पहिलीच सूचना होती, 'अँटीव्हायरस बंद करा', आणि त्यानं तो इमानदारीत बंद केला. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. तोही कुलूपबंद.

म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी अँटीव्हायरसच्या आधी बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला सांगतो. शक्यतो दोन. आलटून पालटून बॅकअप घ्यायचा, काम झालं की वायर काढायची, आणि एक घरी न्यायची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ४० फुटांकडं सरकलं की माल माडीवर चढवायचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. डिस्क मात्र गल्ल्याखालीच सापडते.

डिफेंडरमध्ये अशा खंडणीखोर व्हायरसपासून फाइली वाचवणारी 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' म्हणून एक सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू करा. टॅलीला त्यात परवानगी द्यावी लागेल, नाहीतर सेव्ह करताना कुरकुर करेल.

आणि महिन्यातून एकदा डिस्कवरचा डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. एका दुकानात दोन वर्षं दर शनिवारी नेमानं बॅकअप चालला होता. उघडला तेव्हा कळलं, टॅलीचा डेटा कधीच दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला होता आणि डिस्कवर जात होता तो जुना, रिकामा फोल्डर.