बोट लागणाऱ्यांनी क्रूझवर कोणती केबिन घ्यावी : काही सफरींनंतरचा अनुभव

बोट लागणाऱ्या माणसाने क्रूझवर बाल्कनीची केबिन घ्यावी, मोकळी हवा मिळाली की त्रास होत नाही, असा सल्ला आम्हाला जळगावात जिथे चौकशी केली तिथे मिळाला. गेल्या काही महिन्यांत मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या आणि पुढे सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींत मी निरनिराळ्या प्रकारच्या केबिनमध्ये राहिले आणि त्यानंतर माझे मत अगदी वेगळे झाले आहे. केबिनला खिडकी आहे की बाल्कनी, यापेक्षा ती जहाजाच्या कोणत्या जागी आहे याला कितीतरी अधिक महत्त्व आहे, आणि बाल्कनीसाठी मोजायचे जास्तीचे पैसे आमच्यासारख्यांनी जागेसाठी खर्च करावेत.

आमच्यासारख्यांनी म्हणजे ज्यांना लहानपणापासून गाडी लागते अशांनी. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पुढचे बाक मिळाले नाही तर मला आजही प्रवास झेपत नाही. शिवाय मला अर्धशिशी आहे, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना प्रवासातली मळमळ अधिक होते हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. ज्यांना प्रवासात काहीच होत नाही, त्यांना पुढचे बरेचसे लागू नाही.

त्रासाचे कारण समजले की केबिनची निवड सोपी होते. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याचे मेंदूला कळवत असते, आणि त्याच वेळी डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसत असते. या विसंगतीतून मळमळ, घाम आणि उमासे सुरू होतात. सगळ्यांत वाईट हालचाल म्हणजे वर-खाली होणारी आणि संथ, साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी, आणि भर समुद्रातल्या जहाजाचा डोल बरेचदा याच वेगाच्या आसपास असतो. तेव्हा जिथे वर-खाली होणे कमीत कमी आहे अशी जागा शोधायची, एवढेच काम आहे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलेला माणूस खड्ड्यात उडतो आणि दोन चाकांच्या मधल्या बाकावरच्याला तेवढे जाणवत नाही, हे खान्देशातल्या रस्त्यांवर फिरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जहाजाचेही तसेच आहे, फक्त तिथे लांबी खूप मोठी असल्यामुळे फरकही खूप मोठा पडतो. २०० मीटर लांबीचे जहाज आपल्या मध्याभोवती अवघ्या एका अंशाने पुढे झुकले, तर मध्यापासून १०० मीटरवर असलेले पुढचे टोक सुमारे पावणेदोन मीटर खाली जाते आणि मग मूळ पातळीच्या तितकेच वर येते. मध्यापासून १५ मीटरवरच्या केबिनमध्ये हीच हालचाल जेमतेम पाव मीटरची असते.

नातेवाइकांच्या गटासाठी केलेल्या एकत्र आरक्षणात आमच्या वाट्याला पुढच्या भागातली, वरच्या डेकवरची बाल्कनीची केबिन आली होती. दिवसा ती अतिशय सुंदर वाटली. रात्री वारा वाढल्यावर मात्र पलंग सावकाश वर जाई, क्षणभर थांबे आणि मग खाली बसे. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, लाट आदळल्याचा धक्का भिंतीतून जाणवे. बाल्कनीचा उपयोग त्या वेळी काहीच झाला नाही, कारण वाऱ्यामुळे दार बंद ठेवण्याची सूचना होती आणि अंधारात क्षितिजही दिसत नव्हते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. क्षितिजाकडे पाहिल्याने आराम मिळतो हे खरेच आहे, पण केबिनमध्ये आपण मुख्यतः रात्री असतो, आणि दिवसा क्षितिज पाहायला मधल्या भागातला मोकळा डेक सर्व प्रवाशांसाठी खुला असतो. त्या रात्री यजमानांनी मला जहाजाच्या मध्यावर, जिन्यालगतच्या बैठकीत आणून बसवले आणि अर्ध्या तासात उमासे थांबले. जहाज तेच, समुद्र तोच, फक्त जागा बदलली होती.

पुढच्या सफरीला आम्ही मुद्दाम खालच्या डेकवरची, मध्यावरची, बिनखिडकीची आतली केबिन घेतली. ही सगळ्यांत स्वस्त असते आणि आमच्या ओळखीत तिला कोंदट म्हणून कोणी घेत नाही. जहाज डावी-उजवीकडे कलते तेव्हा दोन गोष्टी घडतात : जितके उंच असाल तितके बाजूला सरकता, आणि जितके कडेला असाल तितके वर-खाली होता. डोलाच्या अक्षापासून २५ मीटर उंचीवरची केबिन दोन अंशांच्या कलण्यात जवळजवळ ८७ सेंटिमीटर बाजूला जाते, पाच मीटरवरची अवघी १७ सेंटिमीटर. ३० मीटर रुंदीच्या जहाजात अगदी कडेची केबिन याच कलण्यात अर्धा मीटर वर किंवा खाली होते, मधल्या रेषेजवळची जवळपास होतच नाही. म्हणजे हिशेबाने पाहिले तर सगळ्यांनी नाकारलेली ही आतली, खालची, मधली केबिन संपूर्ण जहाजात सर्वांत कमी हलणारी ठरते, आणि माझा अनुभव या हिशेबाशी तंतोतंत जुळला. मी रात्रभर झोपले. अंधारात उताणे पडून, डोके न हलवता आणि डोळे मिटून राहिले तर क्षितिजाची उणीव भासत नाही. मोबाइल पाहायला घेतला की मात्र पाच मिनिटांत पोटात ढवळते. उजाडले की नाही हे कळत नाही, एवढा एक दोष आहे. काही जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसते, त्यावरून दिवस कळतो, पण मळमळीवर त्याचा मला काही उपयोग जाणवला नाही.

सगळ्यांत समाधानकारक ठरली ती मात्र खालच्या डेकवरची, मध्यावरचीच, पण खिडकी असलेली केबिन. हालचाल आतल्या केबिनपेक्षा किंचित जास्त जाणवली, परंतु दुपारी पडल्या पडल्या क्षितिज दिसत असल्याने एकूण त्रास कमी झाला. अशी केबिन घेताना एक पाहावे. जीवरक्षक नौका बहुधा मधल्या भागातच टांगलेल्या असतात, त्यामुळे काही खिडक्यांसमोर नौकेचा पिवळा-नारिंगी पत्रा तेवढा दिसतो. असे ‘अडलेले दृश्य’ स्वस्त मिळते, पण आपल्या कामाचे नाही. त्यापेक्षा आतली केबिन बरी. मागच्या टोकाच्या केबिनबद्दल थोडक्यात एवढेच, की तिथे डोल पुढच्यापेक्षा कमी, पण यंत्रांची थरथर आणि अधूनमधून धुराचा वास यांनी मला जेवण नकोसे झाले.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे काही होत नाही, असेही एजंट सांगतात. ते डावी-उजवीकडचा डोल बराच कमी करतात, परंतु पुढे-मागे होणारे झुकणे थांबवत नाहीत, आणि जहाज मंद चालत असेल तर त्यांचा जोरही कमी पडतो. म्हणून मध्यावरच्या जागेला पर्याय नाही. आकाराचा फायदा मात्र खरा आहे. डार्विन १८३१ ते १८३६ या काळात ज्या ‘बीगल’वर होता ते जहाज जेमतेम २७ मीटर लांबीचे, आणि त्याची झोपायची जागा मागच्या टोकाच्या खोलीत, सफर संपेपर्यंत त्याची मळमळ सुटली नाही, यात नवल नाही.

आरक्षणाच्या वेळी “ताई, गॅरंटी केबिन घ्या, पैसे वाचतील” असे कोणी म्हणाले तर ठामपणे नाही म्हणावे, कारण त्यात केबिनची जागा कंपनी ठरवते, आणि आपल्याला तर जागेचेच पैसे द्यायचे आहेत. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवून घ्यावा, मधले जिने आणि लिफ्ट जिथे आहेत तिथपासून जवळचा केबिन क्रमांक स्वतः निवडावा आणि पावतीवर तोच क्रमांक आला आहे ना हे पाहावे. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील असा मजला शांत असतो. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा भोजनकक्ष असला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो.

ऋतू आणि मार्ग चुकला तर उत्तम केबिनही पुरी पडत नाही. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्यामानाने शांत. सिंगापूर–पेनांग–फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो, तिला सुमात्राचा आडोसा आहे, त्यामुळे पहिल्या सफरीसाठी मी तोच सुचवेन. लक्षद्वीपला अगत्तीच्या किनाऱ्यापर्यंत मोठे जहाज जात नाही, छोट्या बोटींतून उतरावे लागते, आणि मला सर्वाधिक त्रास त्या थोड्या अंतरातच झाला. दोन-तीन रात्रींच्या सफरीत आणखी एक अडचण आहे : शरीराला समुद्राची सवय व्हायला तेवढेच दिवस लागतात, आणि सवय होते तोवर बंदर येते.

गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनसारखी औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच नीट लागू पडतात, त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पोट रिकामेही ठेवू नये आणि निघण्याच्या आदल्या रात्री शेवभाजीही टाळावी. साधे वरण-भात आणि एखादे केळे मला मानवते. घरचे पदार्थ बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, म्हणून फुटाणे आणि आलेपाक बंद पाकिटातले घ्यावेत. रात्रीच्या गाडीने मुंबईत उतरून झोप न घेता थेट बॅलार्ड पिअरला जाऊ नये, कारण जागरणाने त्रास वाढतो.

परतल्यावर जमीन डोलत असल्याचा भास होतो. मला तो जळगावला पोहोचल्यावरही, विशेषतः न्हाणीघरात डोळे मिटल्यावर, जाणवत असे. एक-दोन दिवसांत तो जातो, तोपर्यंत दुचाकी चालवू नये, आणि आठवडे उलटूनही गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.