थंडीत कोंबड्यांना बल्ब लावायचा की तूस-पडद्यावर भागतं?

भाच्याने मुंबईत गोराईला घरामागे आठ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) पाळल्यात आणि डिसेंबर लागला तसा रोज फोन, मामा बल्ब आणू का, मामा गारठतायत रे त्या, म्हणजे गारठतोय हाच स्वेटर घालून. मी आरेत राहतो, आमच्याकडे सांताक्रूझपेक्षा जरा जास्तच गार असतं, सात-आठ वर्षं कोंबड्या आहेत, दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय.

आधी थंडी किती ते बघा. मुंबईत जानेवारीत रात्री 16-18 डिग्री, फार तर एखाद्या रात्री 13-14. सांताक्रूझचा रेकॉर्ड 7.4 आहे आणि तोसुद्धा 1962 सालचा. कोंबडीचं अंग मुळात 41 डिग्रीच्या आसपास गरम, वर पिसांची गोधडी, त्यामुळे पूर्ण पिसं आलेल्या पक्ष्याला इथली थंडी काही करत नाही. करतो तो ओलावा आणि कोंदट हवा.

हे मला फुकट नाही कळलं. पहिल्या वर्षी मी अख्खं खुराडं प्लास्टिकने गुंडाळलं, आत 100 वॉटचा बल्ब, वाटलं काय बंगला केलाय. चार दिवसांनी पहाटे बघतो तर प्लास्टिकला आतून थेंब लटकलेत, शिटेचा वास असा की डोळे चुरचुरले, आणि दोन कोंबड्या चोच उघडी टाकून घुरघुरतायत. त्या गेल्या. थंडीने नाही, माझ्या मायेने.

आता बल्बचा हिशोब. 100 वॉटचा पिवळा बल्ब रात्रभर 12 तास म्हणजे 1.2 युनिट, महिन्याला 36. एलईडी लावून उपयोग नाही, त्याला ऊबच नसते, हे अर्ध्या लोकांना माहीत नाही. शिवाय खाली सुकं तूस आणि वर लोंबता तापलेला बल्ब, वायर उंदराने कुरतडली की खुराडं पेटायला वेळ लागत नाही. आणि लाईट गेली की उबेची सवय झालेले पक्षी एकदम गारठ्यात.

पण पिल्लं असतील तर मग चर्चाच नको, बल्ब हवाच. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 35 डिग्री लागते, पुढे दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी करत जायचं, सहाव्या आठवड्यापर्यंत पिसं भरतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवली तर गार पडतंय, कडेला पळून पंख पसरले तर बल्ब वर घ्या.

मोठ्यांसाठी माझं मत तूस आणि पडद्याला. चार-सहा इंच भाताचं तूस, दर दोन-तीन दिवसांनी हलवायचं. मुठीत दाबून बघा, लाडू वळला तर ओलं आहे, तेवढं काढून सुकं टाका. लाकडाचा भुसाही चालतो, फक्त प्लायवूडची बारीक धूळ नको. पेंढा मला आवडत नाही, ओला झाला की बुरशी. पडदा म्हणजे गोणपाट शिवून, खालच्या बाजूला बांधून वर ओढायचा, आणि वरती फूटभर फट ठेवायचीच, कोंदट हवा तिथूनच बाहेर जाते. वारं रात्री उत्तर-पूर्वेकडून येतं, तिकडची बाजू आधी झाका.

यात एक कटकट आहे, सकाळी पडदा कुणीतरी उघडायला हवा. जानेवारीतसुद्धा दुपारी 30-32 होतं, झाकून ऑफिसला गेलात तर आत भट्टी. भाचा सातची लोकल पकडतो, म्हणून त्याला सांगितलं की वाऱ्याकडची एकच बाजू कायमची झाक, बाकी तिन्ही बाजूंना जाळी राहू दे. संध्याकाळी मूठभर मका टाक, रात्रभर पोटात पचत राहतो आणि ऊब देतो.

अंडी कमी झाली म्हणूनही लोक बल्ब आणतात, पण तो प्रश्न उजेडाचा आहे. अंड्यासाठी कोंबडीला 14 तासांच्या आसपास उजेड लागतो, डिसेंबरात आपला दिवस 11 तासांचा. तिथे मात्र 9 वॉटचा एलईडी पहाटे तीन तास पुरतो. गावठी असेल तर तोही कशाला, घेऊ द्या की तिला सुट्टी.

हळद-लसूण द्यायची तर द्या, पण मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्याने चुकत नाही, पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना त्याच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, पुढचे डोस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. आणि पाण्याचं भांडं कावळे-बगळ्यांपासून झाकून ठेवा, गोराईला खाडी जवळ आहे म्हणून जास्तच सांगतोय. बर्ड फ्लू 2006 ला नवापूरला आणि 2021 ला परभणीकडे आला तो दोन्ही वेळा याच दिवसांत.

भाच्याने शेवटी बल्ब आणलाच. आता म्हणतो परत कसा करू, मग पंधरा पिल्लं घेऊ का.