सोयाबीन बीजोत्पादनाचा करार: लातूर भागातल्या एका शेतकरी कंपनीची सेवा

लातूर भागातली ही शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांकडून सोयाबीनचं प्रमाणित (सरकारी तपासणीत पास झालेलं) बियाणं तयार करून घेते आणि मोठ्या बियाणे कंपनीला पुरवते. असे करार मराठवाड्यात गावोगाव होतात आणि दोन-तीन हंगामांत मोडतात. इथला टिकेल असं वाटतं, ते नमुना काढायच्या पद्धतीमुळे.

प्रमाणित सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत. पण दाण्याचं टरफल पातळ. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या वर गेले, दाणा फार वाळलेला असला, पोतं उंचावरून आपटलं किंवा थप्पी आठ पोत्यांच्या वर गेली, की इजा आतल्या आत होते आणि मे महिन्यात उगवण पडते. मग शेतकरी म्हणतो गोदामात खराब झालं, कंपनी म्हणते मळणीत फुटलं. पुरावा कुणाकडेच नसतो.

इथे माल उतरतो त्याच दिवशी, शेतकऱ्यासमोर, पोत्याच्या वरून, मधून आणि खालून दाणे काढतात. नमुन्याचे तीन भाग होतात: एक प्रयोगशाळेला, एक शेतकऱ्याकडे, एक दोघांच्या सहीनिशी सीलबंद. जागेवर 100 दाणे पाण्यातही टाकतात. चीर गेलेला दाणा पाचेक मिनिटांत टम्म फुगतो, मळणीतला दोष तिथेच दिसतो. हा नमुना पास झाला की पुढची घट शेतकरी कंपनीच्या माथी. अहवालांत फरक आला तर सीलबंद नमुना परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातो. बहुतेक करारांत नेमकं हेच कलम नसतं.

भावाचं कलमही विचार करून घातलंय. माल दिल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शेतकरी कोणताही एक दिवस निवडतो. त्या दिवशीचा लातूर बाजार समितीचा दर आणि वर ठरलेला बोनस. बाजार चढला म्हणून कुणी माल आडतीवर नेत नाही.

शेतातलं काम चोख. दुसऱ्या वाणाच्या शेतापासून 3 मीटरचं विलगीकरण अंतर, पायाभूत बियाण्याचे (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं त्याचे) पांढरे टॅग आणि पावती जपून ठेवायची सक्ती, फुलोऱ्यात आणि पक्वतेच्या वेळी तपासणी. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढरं फूल दिसलं की झाड मुळासकट उपटायचं. भेसळीची मर्यादा 0.5 टक्के. फुलं थोडेच दिवस असतात, तेव्हा मजूर आधी सांगून ठेवा.

कच्चा दुवा वाणाचा. 1994 च्या जेएस-335 या वाणावर वर्षानुवर्षं भागलं. आता एमएयूएस-612, केडीएस-726 अशा नव्या वाणांकडे मागणी सरकत राहते. कोणता वाण घ्यायचा हे ही कंपनी जूनमध्ये सांगते. फार उशीर होतो. पायाभूत बियाणं त्याआधीच नोंदवावं लागतं, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 18 मेचा खरीप मेळावाही हातून गेलेला असतो. निर्णय मार्चअखेर कळायला हवा. वाणाची मागणी पडून माल धान्य म्हणून विकावा लागला तर अर्धा बोनस मिळतो, ही मात्र रास्त वाटणी आहे.

बोनसचा दुसरा हप्ता मेमधल्या उगवण अहवालानंतर मिळतो, पण करारात तारीख नाही. पेरणीच्या तोंडावर खत-बियाण्याला पैसा लागतो. सही करण्याआधी ती तारीख लिहून घ्या.