हेवी लायसनचा ३० दिवसांचा कोर्स: पैसे भरण्याआधी मिनिटं मोजा

चाकण असो, इचलकरंजी असो की जालना, मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर एक ओळ हमखास असते: 'हेवी लायसन, फॉर्म ५ सकट, महिन्यात.' हेवी लायसन म्हणजे ट्रकसारखी मोठी गाडी चालवायचं, आणि फॉर्म ५ म्हणजे प्रशिक्षण झाल्याचं स्कूलचं प्रमाणपत्र. या कोर्सला पाचपैकी तीन गुण. लायसन हातात पडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या लायसनवर दुसऱ्याच दिवशी सिमेंटच्या गोण्या भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरायची कोणी हिंमत करू नये, आणि हे स्कूलवाले स्वतःहून सांगत नाहीत.

आधी दारातल्या अटी, कारण त्यातच काहींचे पैसे अडकतात. वय २० पूर्ण हवं. लाइट मोटारचं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. अकरा महिने झाले असतील तर लर्निंगचा अर्ज पुढे सरकणारच नाही, त्यामुळे 'फी आत्ता भरा, बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्याकडे थांबू नये. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. डॉक्टरचं फॉर्म १-ए, म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र, लागतं. अर्ज सारथी या सरकारी लायसन पोर्टलवर, लर्निंग सहा महिने चालतं आणि टेस्ट लर्निंगनंतर ३० दिवसांनी. लहान टेम्पोच चालवायचा असेल तर मात्र या कोर्सवर पैसे घालूच नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (लाइट मोटार) लायसनवर चालवता येते.

आता मिनिटांचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ३१ मध्ये, ट्रान्सपोर्ट वाहनाचं प्रशिक्षण किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास असं लिहिलंय. म्हणजे रोज अर्धा तास. दोन तासांच्या बॅचमध्ये चार पोरं असतील तर हा हिशेब बरोबर बसतो. केबिनमध्ये सात जण कोंबले की माणशी सतरा मिनिटं येतात. त्यात रविवारची सुट्टी धरली तर महिन्याचे जेमतेम साडेसात तास, म्हणजे नियमाच्या निम्मे. रजिस्टरवर मात्र पंधराच लागतात. बाकीचा वेळ मागे बसून बघण्यात जातो. पहिले चार-पाच दिवस ते बघणं उपयोगाचं असतं, पुढे नाही. म्हणून फी विचारण्याआधी 'एका बॅचला किती?' हे विचारायचं, आणि खिशात छोटी वही ठेवून रोज स्टिअरिंग कधी हातात आलं आणि कधी गेलं ते टिपायचं. वही दिसली की मास्तरचं घड्याळही नीट चालायला लागतं.

गाडी बहुतेक ठिकाणी जुनी सहाचाकी असते, ड्युअल कंट्रोलची (मास्तरच्या पायाशीही ब्रेक-क्लच असलेली) आणि हौदा रिकामा. कोर्सची सगळ्यात मोठी खोट ही रिकामी गाडी आहे. रिकामी सहाचाकी सहा-साडेसहा टनांची. भरली की कायद्याने १८.५ टनांपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. रिकामी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सहज उठते, ब्रेकला पाय लावताच थांबते, आणि शिकणाऱ्याला वाटतं की जमलं. भरलेली गाडी पहिल्यातच उठवावी लागते. चढावर गिअर टाकायला अर्धा सेकंद उशीर झाला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) इतके पडतात की पुढचा गिअर ओढतच नाही, आणि मग एकदम दोन गिअर खाली यावं लागतं. ज्या स्कूलमध्ये शेवटच्या आठवड्यात हौद्यात पाच-सहा टन खडी टाकून फिरवतात, तिथे फी थोडी जास्त असली तरी द्यावी.

गिअर आणि क्लच बहुतेक मास्तर नीट शिकवतात. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकायची सवय असेल तर ती इथे पहिल्याच दिवशी मोडतात, आणि ते योग्यच आहे. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवली की प्लेट जळते, केबिनमध्ये करपट वास येतो आणि मालकाला गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलावी लागते. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवणं, खाली येताना एकेक गिअर घेणं, इतपत पंधरा तासांत हात बसतो. हाय-लो रेंजचा, म्हणजे बटणाने खालचे आणि वरचे गिअर बदलणारा, नऊ गिअरचा बॉक्स मात्र स्कूलच्या गाडीला सहसा नसतो. तो पुढे दहाचाकीवर पहिल्यांदा हातात येतो, तेव्हा बटण कधी उचलायचं हे कोणाला तरी विचारावंच लागतं.

वळण आणि रिव्हर्स यांना जास्त वेळ मिळायला हवा, मिळतो कमी. लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापतं. चाकांमधलं अंतर पावणेपाच मीटर आणि पुढचं चाक बारा मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरत असेल तर मागचं सुमारे एक मीटर आत येतं. तो एक मीटर म्हणजे कोपऱ्यावर थांबलेली दुचाकी. डावीकडे वळताना क्लीनर साइडचा आरसा वळण संपेपर्यंत सोडायचा नाही, हे मास्तर तोंडाने सांगतात. पण टेस्टच्या ट्रॅकवर दुचाकी नसते, त्यामुळे ते अंगात मुरत नाही. रिव्हर्सला तर टेस्टपुरतं एक वळण घोटून घेतात. गोदामाच्या धक्क्याला सरळ गाडी लावणं हे वेगळंच काम आहे: स्टिअरिंग थोडं, वेग माणसाच्या चालीइतका, आणि दोन्ही आरशांत हौद्याची कड आणि धक्का यांतलं अंतर सारखं दिसेपर्यंत थांबत-थांबत मागे घेणं. मागे उभा राहून इशारा देणारा माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. हे शिकायला रिकाम्या मैदानात दोन ड्रम उभे केले तरी भागतं. मास्तरकडे हट्टाने मागा. ट्रेलरचं गणित उलटं, शेपूट डावीकडे न्यायची तर सुरुवातीला स्टिअरिंग उजवीकडे. ते या कोर्समध्ये नाहीच.

आता हवा. कारमधून येणाऱ्याला ही गोष्ट पूर्ण नवी. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्या भरतो, काटा सात-आठ बारपर्यंत चढतो, मगच गाडी हलवायची. हवा फार उतरली की बझर वाजतो. त्याकडे काणाडोळा करून चालत राहिलं की पुढे मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी रस्त्यात जागच्या जागी जखडते. हे बिघाड म्हणून होत नाही, मुद्दाम तशीच रचना आहे: पायाचा ब्रेक हवेच्या दाबाने लागतो, पण या स्प्रिंग ब्रेकमध्ये हवा ब्रेक लावत नाही, दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग सुटते. हे एवढं वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं तर पुढचं सगळं समजतं. बऱ्याच ठिकाणी ते सांगत नाहीत, फक्त 'काटा वर येऊ दे' म्हणतात.

आणि उतार. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने बऱ्याच गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून गाडी सोडायची खोड जुनी आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेक लायनिंगवर, म्हणजे चाकातल्या ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांवर, येतो, ड्रम तापतात, तापलेलं लायनिंग धरत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा-पुन्हा ब्रेक दाबतो, प्रत्येक दाबाला हवा खर्च होते, आणि मोकळ्या फिरणाऱ्या इंजिनाचा कॉम्प्रेसर ती तितक्या वेगाने भरून देत नाही. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही दगड होतं. यावरचा उपाय उतार सुरू होण्याआधी करायचा असतो. चढताना जो गिअर लागला असता तो, किंवा त्याहून एक खालचा, माथ्यावरच टाकून घ्यायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लावायचा. वेग वाढला की पायाचा ब्रेक ठासून आठ-दहा किलोमीटरने वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय सतत ठेवला की ड्रम तापतोच. अर्ध्या उतारावर गिअर खाली घ्यायला गेलं आणि तो नाही पडला, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. सपाट मैदानावरच्या कोर्समध्ये हे फक्त फळ्यावर होतं. पंधरापैकी दोन तास तरी घाटात नेणारं स्कूल मिळालं तर तिथेच नाव घाला, मग ते घरापासून वीस किलोमीटर लांब असलं तरी.

दुसरा पर्याय म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र. ही व्यवस्था जुलै २०२१ पासून आहे. तिथे मध्यम आणि जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, त्यात वर्गही आला. दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक सक्तीचा, आणि तिथलं प्रमाणपत्र मिळालं की आरटीओची चालवण्याची टेस्ट माफ. सिम्युलेटरचं फार कौतुक नको, त्यात क्लचचा कंप पायाला लागत नाही. पण तिथे तास खरे मोजले जातात. नोकरी म्हणूनच ट्रक धरायचा असेल आणि असं केंद्र आवाक्यात असेल तर सरळ तिकडे जावं.

दोन्हीकडे न मिळणाऱ्या गोष्टीही आहेत. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डिझेलसोबत वेगळ्या टाकीत ॲडब्लू, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव, भरावं लागतं. ते संपलं की इंजिनाची ताकद उतरते, आणि नवा ड्रायव्हर ते 'गाडी मिस मारते' समजून गॅरेज शोधतो. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड रोज टामीने (लोखंडी दांड्याने) काढायचा असतो. तो राहिला तर दोन्ही टायरच्या कडा खातो. चाक बदललं की ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. ई-वे बिलाची (जीएसटीखाली माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्याची) मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, त्यामुळे गाडी बिघडून पडली तर मालकाला लगेच फोन करून मुदत वाढवून घ्यायला सांगायची. ताडपत्री आणि दोर बांधणं तर कोणी शिकवतच नाही. हे सगळं जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी क्लीनर म्हणून काढलेल्या चार-सहा महिन्यांत येतं. पगार तेव्हा कमी असतो, ते धरूनच घरचा हिशेब मांडावा. मंजूर लायसन पाच वर्षं चालतं, घाई नाही. इंधन किंवा केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण वेगळं करावं लागतं.

स्कूल पारखायचं तर सकाळच्या पहिल्या बॅचच्या वीस मिनिटं आधी जाऊन गाडीजवळ उभं राहावं. चांगला मास्तर पोरांना आधी खाली बसवतो, हवेच्या टाकीची कडी ओढायला लावतो. फुस्स करून पाणी आणि थोडं तेलकट काळं बाहेर पडतं. मग हातोडीने सहाही टायर वाजवतात, ज्याचा आवाज बद्द येतो त्यात हवा कमी. एखादा पोरगा टायर लाथेने तपासायला जातो आणि शिव्या खातो. जिथे मास्तर चहाच्या टपरीवरून हाक मारून 'चालू कर रे' म्हणतो, तिथून फॉर्म न घेता परत फिरावं.