घराण्याची वंशावळ पोस्टग्रेसमध्ये: आठ महिन्यांनंतर

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदी बडोद्यात दांडिया बाजारातले काका वह्यांमध्ये ठेवतात. गेले आठ महिने मी हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरवतोय. १४ पिढ्या, साधारण २,८०० माणसं.

सुरुवात नेस्टेड सेटने केली, म्हणजे प्रत्येकाला एक डावा आणि एक उजवा आकडा, आणि त्याच्या सगळ्या वंशजांचे आकडे त्या दोघांच्या मध्ये. वाचायला झकास, अख्खी शाखा 'या दोन आकड्यांमधले द्या' अशा एका 'बिटवीन'मध्ये येते. पण पुण्यात एक बारसं झालं की त्या बाळाला जागा करायला पुढच्या सगळ्यांचे आकडे दोनाने सरकवायचे. तीन आठवड्यांत सोडलं.

मग साधा मार्ग धरला: प्रत्येक ओळीत वडिलांचा क्रमांक, आणि वर-खाली जायला 'विथ रिकर्सिव', म्हणजे मिळालेल्या ओळींवरून पुढची पिढी पुन्हा पुन्हा शोधणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न). पोस्टग्रेसमध्ये हे २००९ च्या ८.४ पासून आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ८.० मध्ये आलं. म्हणून जुन्या लेखांतले 'हे जमत नाही' असले सल्ले आता मनावर घेऊ नका.

एका संध्याकाळी एकाचे पूर्वज काढायला गेलो तर क्वेरी परतच येईना. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. वडील म्हणून आजोबा रामचंद्र निवडायचे, तिथे मी नातू रामचंद्र निवडला होता. मुलगाच बापाचा बाप झाला. 'युनियन ऑल'ऐवजी आधी आलेल्या ओळी गाळणारं 'युनियन' घातलं तरी थांबेना, कारण सोबत पिढी मोजत होतो; दर फेरीला आकडा वाढतो, म्हणून ओळ नवीच ठरते. त्याहून वाईट म्हणजे मूळपुरुषापासून खाली येताना ती शाखा मुकाट गळत होती, एररसुद्धा नाही. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासूनचं, असं चक्र ओळखून थांबणारं 'सायकल' कलम आता प्रत्येक क्वेरीत घालतो.

रोजच्या वाचनासाठी पोस्टग्रेसचं 'एलट्री' एक्स्टेन्शन (जोडपुरवणी) घेतलं आणि ते मनापासून आवडलं. मूळपुरुषापासून प्रत्येकाचा मार्ग '१.४.१९' असा क्रमांकांनी साठवायचा, '<@' लिहिलं की शाखा हजर, 'एनलेव्हल'ने पिढी कळते. मार्गात नावं घालू नका, क्रमांकच घाला. शाखा चुकीच्या जागी लागली असेल तर मात्र खालच्या प्रत्येकाचा मार्ग 'सबपाथ'ने कापून नव्याने जोडावा लागतो. म्हणून खरी नोंद वडिलांच्या क्रमांकाचीच. मार्ग त्यावरून ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड, भरतो.

खरी अडचण दत्तकाची. बडोद्यात हे वेगळं सांगायला नको: १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळ दत्तक आला आणि सयाजीराव झाला. जन्मदाते एक, घराणं दुसरं. वडिलांचा एकच रकाना असला की यातलं एक पुसावं लागतं, आणि ते मला मान्य नाही. एलट्रीतही एका ओळीला एकच मार्ग. शेवटी नात्यांचं वेगळं टेबल केलं: मूल, पालक, नात्याचा प्रकार आणि साल. आईची नोंदही तिथेच आली, त्यामुळे लेकींची मुलं पहिल्यांदाच शोधात सापडू लागली. मार्ग फक्त घराण्याच्या नात्यावरून बनतो, जन्माचं नातं रिकर्सिव क्वेरीने काढतो.

काकांच्या वहीत दत्तक गेलेल्याचं नाव दोन पानांवर असतं, दोन्हीकडे तांबड्या शाईत.