चेंबरला सिल्व्हर मारून व्हेपर ब्लास्टिंगचे पैसे घेतले

जुन्या गाडीचं इंजिन बांधायला काढलं असेल, तर चेंबर (इंजिनाचं खालचं धातूचं कवच) कुणाच्या हाती देताय ते आधी नीट बघा.

वडिलांची येझदी रोडकिंग मोटारसायकल 1984 ची. म्हैसूरचा कारखाना 1996 लाच बंद पडला, त्यामुळे मूळ चेंबर आमच्यासाठी लाखमोलाचा. तो पांढुरका पडला होता, काळे डाग धरले होते. बफिंग करून घेतलं असतं तर आरशासारखा चमकला असता, पण बफिंगमध्ये धातू झिजतो, कडा गोलावतात. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड, भट्टीत 180-200 अंशांवर भाजतात आणि त्याचा थर पॅकिंगच्या जागी किंवा बेअरिंगच्या घरात चढला की जुळणी बिघडते. म्हणून व्हेपर ब्लास्टिंग ठरवलं. त्यात पाण्यातून काचेचे बारीक मणी मारतात, धातू फारसा न खाता ओतकामाचं मूळ रूप परत येतं.

दुकानदाराने नमुना दाखवला, सुरेख होता. भाव 8,500, निम्मे आधी. मशीन बघू का विचारलं तर म्हणाला, “दुसऱ्या शेडमध्ये आहे साहेब.” मी तिथेच माल उचलून परत यायला हवं होतं.

चार दिवसांनी चेंबर आला. वडील कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होते.

गाडी दोनशे किलोमीटर चालली असेल. कार्ब्युरेटरमधून गळलेलं पेट्रोल पुसलं तर फडक्याला चांदी लागली. मिस्त्री म्हणाले, “दादा, ब्लास्टिंगची चांदी फडक्याला येत नाही. हा स्प्रेचा रंग आहे.” त्याच आठवड्यात क्रँककडून घरघर सुरू झाली. इंजिन खोललं तर बेअरिंगमध्ये वाळू! कोरडं सँडब्लास्टिंग करून, न धुता, वरून सिल्व्हर मारला होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण चेंबरमधूनच वर ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरमध्ये जातं, वाटेत गाळणी नसते. वाळू त्याच्याबरोबर वर गेली. पिस्टनवर ओरखडे, ब्लॉकमध्ये रेघा.

दुकानदार म्हणाला, धुणं तुमचं काम. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, त्यावर नुसतं ‘चेंबर सफाई’. काय सिद्ध करणार?

काम देण्याआधी मशीन चालू असताना बघा. पक्क्या बिलावर प्रक्रियेचं नाव लिहून घ्या. बेअरिंग काढूनच चेंबर द्या. परत आला की आतल्या कोपऱ्यात थिनरचं फडकं घासा, रंग असेल तर लगेच सुटेल. काम खरं असलं तरी मणी आट्यांत आणि ऑइलच्या भोकांत अडकतात, म्हणून गरम साबणाच्या पाण्याने धुऊन प्रत्येक भोकात हवा मारा आणि आट्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा.

बेअरिंग, बोअरिंग आणि पिस्टन मिळून 11,000 गेले. ते कमावता येतील. पण ब्लॉक आता दुसऱ्या ओव्हरसाइजवर (आतून कोरून मोठ्या केलेल्या मापावर) आलाय, आणि पुढे बोअर करायला त्यात फारसा धातू उरलेला नाही.