कटिंगला नाही, हातशिलाईला हो: ऑडिओबुकचे अकरा महिने

मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. साताऱ्यात घराच्याच पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक ओव्हरलॉक आणि गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत डोळे आणि हात कामाला जुंपलेले, कान मात्र मोकळे. गेल्या दिवाळीनंतर भाचीने मोबाइलमध्ये महिन्याच्या वर्गणीचं एक ॲप टाकून दिलं. आजवर ३४ पुस्तकं पुरी झालीत, १३ अर्धवट आहेत. अर्धवटातली बहुतेक कुठल्या जातीची, ते पुढे येईलच.

सुरुवात केली स्वयंविकासाने. कानात काही घालायचंच तर उपयोगाचं असावं, असा आमच्या घरचा हिशेब. दिवाळी अंकसुद्धा आई मागचं सगळं आवरल्याशिवाय उघडत नसे. पहिल्या दोन पुस्तकांनी भारावून गेले. तिसऱ्यापासून तेच पाहुणे पुन्हा पुन्हा भेटायला लागले. स्टॅनफर्डमधली ती लहान मुलं आणि समोरची मिठाई: आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. वॉल्टर मिशेल यांचा तो प्रयोग मी पाच निवेदकांच्या तोंडून ऐकला. थांबणारी मुलं पुढे यशस्वी झाली, असं पाचही जण ठासून सांगतात. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका निघाला, हे एकानेही सांगितलं नाही. ते मला भाचीने शोधून दिलं.

दुसरा पाहुणा म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. यातलं ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळालं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवसांची, आणि पल्ला १८ पासून २५४ पर्यंतचा. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पहाटे उठायचं माझं चौथ्यांदा मोडलं होतं, ते बाविसाव्या दिवशीच.

खरी अडचण मात्र मजकुरापेक्षा ऐकण्यातच आहे. ‘आता वही-पेन घ्या आणि तुमची पाच मूल्यं लिहा.’ अहो, माझ्या एका हातात सुई आहे आणि दुसऱ्यात कुणाची तरी पैठणी! ‘सोबतच्या पीडीएफमधला तक्ता पाहा’ हे त्याहून वाईट. छापील पुस्तकात माणूस अशी पानं उलटून पुढे जातो, इथे ती शेवटपर्यंत ऐकावी लागतात. त्यात भाषांतर घाईचं असेल तर ‘तुम्ही तुमच्या आयुष्यात तुमच्या स्वतःच्या’ असं दर वाक्यात कानावर आदळतं. मी ती पुस्तकं दीडपट वेगाने ऐकते आणि काही हुकल्यासारखं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र लागू पडली. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५-२५ मिनिटं अभ्यास करायची रीत काढली होती. माझ्याकडे टोमॅटो नाही, बॉबिन आहे, मशिनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ. एक बॉबिन संपेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, एवढंच मी ठरवलं. अजून पाळते आहे. आठ पुऱ्या ऐकलेल्या पुस्तकांतून एवढं हाती लागलं.

कादंबरीकडे वळले ती फेब्रुवारीत, आणि तेही चुकून. हुक लावायचे होते, काजं करायची होती, नवं काही शोधायला वेळ नव्हता, म्हणून समोर दिसलं ते लावलं. बारा तासांची कादंबरी होती. तिसऱ्या दिवशी संपली आणि नऊ ब्लाउज एका बैठकीतल्यासारखे हातावेगळे झाले.

पण गोष्ट कानाने ऐकायची तर सगळा भार आवाजावर. आमच्या मराठीत एकाच ‘ज’चे दोन उच्चार. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहिताना एकच, बोलताना वेगळे. मरणाच्या दारातल्या बाईला नवरा ‘जग’ म्हणतो आणि निवेदक त्याची दुनिया करून टाकतो, तेव्हा मी सुई टोचून घेतली, हसू आल्यामुळे. ॲपवर ‘नमुना ऐका’ असतं. पाच मिनिटं ‘च’ आणि ‘ज’वर कान ठेवा, पुस्तक घ्यायचं की नाही ते कळतं.

दुसरा राग गावाकडच्या बोलीचा. पात्र खेड्यातलं असलं की बऱ्याच निवेदकांचा एकच ठरलेला सूर लागतो, मग माणूस माणचा असो की मेळघाटातला. ज्या भाषेत शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले, त्या भाषेत ही गरिबी खपत नाही. एक कोल्हापूरकडचे, एक सोलापूरकडचे, एक माणदेशातले, आणि ऐकणाऱ्याला ते कळायचं. आई अजून आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनींचा, म्हणजे नीलम प्रभूंचा, आवाज काढून दाखवते. मी लावलेली कादंबरी दहा मिनिटं ऐकून ती म्हणाली, “वाचतोय चांगला, पण समोर कुणी बसलंय असं वाटत नाही गं त्याला.” यावर मला बोलता आलं नाही.

चांगले निवेदक आहेत, नाही असं नाही. ते बाईच्या पात्रासाठी आवाज चिरका करत नाहीत, नुसता जरासा कलता करतात. आणि ते थांबतात. म्हणून कादंबरीचा वेग मी कधीच वाढवत नाही, वाढवला की ती थांबण्याची जागाच पहिली कापली जाते.

सुरुवातीला पात्रांचा गोंधळ फार होतो, कारण मागचं पान उलटता येत नाही. मी कटिंगच्या टेबलावर खडूने नावं लिहून ठेवते: थोरला, त्याची बायको, धाकटी जाऊ, सावकार. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “हे कुणाचं माप?”

टेबलावर नावं चालतात, कटिंग करताना ऐकणं चालत नाही. जूनमध्ये एका रहस्यकथेत खुनी सापडायच्या बेतात होता आणि मी रेशमी कापडाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. कापड भरून द्यावं लागलं, वर्षभराच्या वर्गणीहून जास्त. तेव्हापासून कात्री हातात असताना फोन बंद. मशिनवर सरळ टीप मारताना आवाजामुळे निम्मं ऐकू येत नाही, तिथे स्वयंविकास चालतो. हातशिलाईला कादंबरी.

एक गंमत अशी, की गोष्टी कापडाला चिकटून बसतात. मोरपंखी काठाची एक साडी परवा पुन्हा फॉल बदलायला आली आणि घडी उलगडताच एका म्हाताऱ्याचं मरण आठवून घसा दाटला. साडीवाल्या बाईंना वाटलं, फॉलचा काहीतरी घोळ झालाय.

वर्गणी चालू ठेवली आहे. स्वयंविकासाची डाउनलोड केलेली सगळी पुस्तकं काल पुसून टाकली, मोबाइलला जागा नव्हती. लग्नसराईचे चौदा ब्लाउज हातशिलाईला आलेत. एकोणीस तासांची एक कादंबरी काढून ठेवली आहे, नमुन्यातला ‘ज’ व्यवस्थित आहे.